मॉन्टेरेच्या थंड पाण्यात डायव्ह करायचीय? पाहुण्या डायव्हरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरियात मुलांकडे किंवा भावाबहिणीकडे राहायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांमध्ये हल्ली एखादा तरी स्कूबा शिकलेला असतो. सॅन होजेहून सव्वा-दीड तासावर मॉन्टेरे आहे आणि तिथल्या केल्पच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, जंगलाचे व्हिडिओ त्याने पाहिलेले असतात. मग प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मॉन्टेरे आणि कार्मेलच्या किनाऱ्याची आहेत. दुसऱ्या थंड समुद्रावर जाणार असाल तर प्रश्न हेच विचारा, उत्तरं मात्र तिथल्या माणसांकडून घ्या.

मालवणला स्कूबा केलंय. इथे चालेल ना?

मालवणला नक्की काय केलं होतं, ते आधी आठवा. होडीतून नेऊन, इन्स्ट्रक्टरने टाकी धरून वीस मिनिटं खाली फिरवलं असेल तर ती चाचणी डायव्ह. मजा आली असेल, पण त्यावर कुठलंही दुकान तुम्हाला इथे टाकी भाड्याने देणार नाही. पॅडी, एसएसआय, नाउई अशा स्कूबा शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेचं किमान ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, कार्ड लागतं. तारकर्ली, गोवा, नेत्राणी, अंदमान, कुठेही शिकलात तरी कार्ड जगभर चालतं. फोनवरचं डिजिटल कार्डही पुरतं.

कार्ड आहे पण दोन वर्षांत पाण्यात उतरला नसाल, तर उजळणी भारतातच, उबदार पाण्यात करून या. मास्क काढून घालणं, बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, टाकीवरून श्वास घेणं, वजनं सोडणं या गोष्टी १२ अंशांच्या पाण्यात जाड हातमोजे घालून पहिल्यांदा आठवायच्या नसतात.

पाणी नेमकं किती थंड असतं?

वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सियस. मालवण-गोव्याचं पाणी २६ ते ३० च्या घरात असतं. तिथे तुम्ही ३ मिलीमीटरच्या सूटमध्ये, कधी नुसत्या टी-शर्टवर तासभर काढला असेल. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, त्यामुळे हा फरक आकड्यांत दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

शिवाय वेबसाइटवर दिसतं ते पृष्ठभागाचं तापमान. उन्हाळ्यात वरचा थर जरा बरा असतो आणि सात-आठ मीटर खाली गेल्यावर अचानक गार पाण्याचा पडदा लागतो. तळाशी दोन-तीन अंश कमीच धरून चाला.

आम्ही मुलांच्या सुट्टीत, मे-जूनमध्ये येतोय. तेव्हा उन्हाळाच असतो ना?

कॅलेंडरवर असतो, समुद्रात नसतो. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत इथे किनाऱ्याला समांतर वायव्येचे वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलवरचं गार, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. या पोषणामुळेच इथला समुद्र इतका भरलेला आहे. पण त्यावर प्लवक फोफावतं आणि पाणी हिरवट, गढूळ होतं. तीन मीटरवरचा बडी अंधुक दिसेल असे दिवस मे-जूनमध्ये सहज येतात. वर धुकं असतं आणि हवाही १५-१६ अंशांची, म्हणजे बाहेर आल्यावर ऊब मिळेल ही आशाही सोडा.

उत्तम काळ म्हणजे गणपती ते दिवाळी. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वारा पडलेला असतो, पाणी त्यातल्या त्यात उबदार असतं, दहा-पंधरा मीटरपर्यंत दिसू शकतं आणि केल्प भरात असतो. डिसेंबरपासून वादळी लाटा येतात. मधले काही दिवस काचेसारखे स्वच्छ मिळतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून विमानाचं तिकीट काढू नये.

मे-जूनमध्येच यावं लागत असेल तर या, डायव्हही करा. फक्त अपेक्षा व्हिडिओतल्या ठेवू नका आणि एका ठरावीक शनिवारऐवजी तीन-चार दिवस मोकळे ठेवा. त्यातला एखादा बरा निघतो.

वेटसूट पुरतो की ड्रायसूट लागतो?

पाहुण्याला वेटसूट. इथली दुकानं ७ मिलीमीटरचा सूट भाड्याने देतात. बहुधा दोन भागांत असतो, म्हणजे छातीवर दुप्पट जाडी होते. सोबत हूड, ५ मिलीमीटरचे हातमोजे आणि बूट. हूडला ‘नको, गुदमरायला होतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुकानात दोन-तीन मापं घालून बघा, पण हुडाशिवाय उतरू नका.

सूट अंगाला घट्ट बसायला हवा, श्वास अडेल इतका नव्हे. पाठीशी किंवा काखेत पोकळी राहिली की तिथून गार पाणी आत-बाहेर होत राहतं आणि ७ मिलीमीटरचा उपयोग ३ इतकाच उरतो.

ड्रायसूटमध्ये माणूस कोरडा राहतो हे खरं, पण त्यातली हवा सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे. ती पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. त्याचं प्रशिक्षण झालेलं नसेल तर अनोळखी समुद्रातली पहिली डायव्ह ही ते शिकायची जागा नाही. वर्षातून दोनदा येणार असाल तर इथे त्याचा कोर्स करा, पैसे वसूल होतात.

वजन किती लावू? गोव्यात चार किलो पुरायचं.

इथे ते तिप्पट होऊ शकतं. सूटच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, हवेचे बुडबुडे असतात, ते तुम्हाला वर ढकलतात. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण ७ मिलीमीटरच्या साजात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर १० ते १३ किलो लागणं नेहमीचं आहे. स्टीलची टाकी असेल तर कमी.

दुकानदार अंदाज सांगेल, तो घ्या आणि डोळे झाकून मानू नका. उथळ पाण्यात बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं करून, श्वास धरून डोळ्यांच्या पातळीवर तरंगता का ते बघा. हे डायव्हच्या शेवटी, टाकी हलकी झाल्यावर पुन्हा तपासलं की उद्याचा आकडा मिळतो आणि तो लिहून ठेवायचा.

आता यातली खरी मेख. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीन चेपतं आणि वर जी उचल होती तिचा बराच भाग नाहीसा होतो. म्हणजे वर हलके असलेले तुम्ही खाली जड होता. ३ मिलीमीटरमध्ये हे फारसं जाणवत नाही, इथे जाणवतं. उतरताना थोडी थोडी हवा भरत जा आणि वर येताना सोडत या, नाहीतर शेवटच्या पाच मीटरमध्ये बुचासारखे उसळाल.

भारतातून काय आणू?

मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर. मास्क चेहऱ्याला बसलेला हवा. नंबरचा असेल तर आणायलाच हवा. कॉम्प्युटर सवयीचा हवा. बाकी सगळं इथे भाड्याने मिळतं, आणि बूटवाले फिन्स आणले नाहीत तर सामानातले चार किलो वाचतील. ते घरच्यांनी मागवलेल्या भाजणी-मसाल्यांना लागतातच.

अंगठ्या आणि मंगळसूत्र घरी ठेवा. गारठ्याने बोटं आक्रसतात आणि हातमोजा काढताना अंगठी त्याच्याबरोबर निघून वाळूत जाते.

इथे सगळं फुटांत आणि पीएसआयमध्ये. गोंधळ होतो.

होतोच, आणि तो पाण्याबाहेर निस्तरावा. ३३ फूट म्हणजे १० मीटर, ६० फूट म्हणजे १८ मीटर. टाकीतल्या हवेचा दाब ३००० पीएसआय म्हणजे साधारण २०७ बार, ही भरलेली टाकी. १००० पीएसआय म्हणजे ७० बारच्या आसपास आणि ५०० म्हणजे ३५. ५० अंश फॅरनहाइट म्हणजे १० सेल्सियस, ५५ म्हणजे १३.

भाड्याच्या गेजवर पीएसआयच असेल. वळायचा आकडा, म्हणजे टाकीत किती हवा उरली की परत फिरायचं तो, पीएसआयमध्येच ठरवा आणि बडीलाही तोच सांगा. एकाने बारमध्ये आणि दुसऱ्याने पीएसआयमध्ये विचार करायचा असं नको.

पहिली डायव्ह कुठे करू?

ब्रेकवॉटरला. मॉन्टेरे शहरात, सॅन कार्लोस बीचवर, कोस्ट गार्डच्या धक्क्याला लागून. इथले निम्मे इन्स्ट्रक्टर आपले विद्यार्थी इथेच आणतात, म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. वाळूचा सौम्य उतार आहे, लाटा सहसा बेताच्या, बाहेर येऊन अंग धुवायला शॉवर आहेत आणि दगडी बांधाच्या कडेने जायचं असल्यामुळे रस्ता चुकणं अवघड. बांधाच्या टोकाकडे जाल तशी खोली पंधरा-एक मीटरपर्यंत वाढते. बांधावर समुद्रसिंहांची वस्ती आहे. त्यांचा आवाज आणि वास दोन्ही वाहनतळापर्यंत येतात.

त्याच किनाऱ्यावरून वायव्येला पोहत गेलं की तळावरचा एक जुना पाइप लागतो आणि त्याच्या पुढे मेट्रिडियमचं शेत. हे पांढरे, फुलकोबीसारखे दिसणारे प्राणी, म्हणजे अ‍ॅनिमोनी. काही गुडघ्याएवढे उंच, खडकांवर दाटीवाटीने उभे. मला विचाराल तर मॉन्टेरेत पाहुण्याने बघावं असं हे एक नंबरचं दृश्य. पण ते पहिल्या डायव्हला नको, अंतर बरंच आहे. पहिली डायव्ह बांधाच्या कडेने, दहा मीटरपेक्षा उथळ, अर्ध्या तासाची. त्यात वजन बरोबर बसलं, थंडी झेपली, हवा किती लागते ते कळलं की दुसऱ्या दिवशी शेताकडे जा.

पॅसिफिक ग्रोव्हचा लव्हर्स पॉइंट हाही बरा पर्याय.

पॉइंट लोबोसबद्दल खूप ऐकलंय. थेट जाता येतं का?

नाही. कार्मेलच्या दक्षिणेला असलेलं हे राखीव क्षेत्र आहे आणि डायव्हसाठी आधी ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. रोज ठरावीकच जोड्या सोडतात. दाराशी प्रत्येकाचं कार्ड तपासतात आणि एकट्याने उतरता येत नाही. व्हेलर्स कोव्हमधल्या उतारावरून आत जायचं आणि तिथे किंवा शेजारच्या ब्लूफिश कोव्हमध्येच डायव्ह करायची. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच आरक्षण बघा आणि शक्यतो मधला वार घ्या. उताराच्या दगडांवर शेवाळ असतं. टाकी पाठीवर घेऊन तिथे घाई करू नये.

१९६० साली इथली जमिनीलगतची ७५० एकर समुद्रतळाची पट्टी राखीव क्षेत्रात आली. इतकी वर्षं मासेमारी नसल्याने लिंगकॉड आणि रॉकफिश हे मासे इथे माणसाला फारसे बिचकत नाहीत. ब्रेकवॉटरनंतर इथे आलं की फरक लगेच दिसतो.

जवळच मोनॅस्टरी बीच आहे. तिथे आरक्षण लागत नाही असं ऐकलं.

लागत नाही, तरीही जाऊ नका. लांबून तो किनारा मॉन्टेरेतला सगळ्यात सुंदर वाटतो. पण वाळू जाड, उतार घसरता, आणि कार्मेल कॅन्यन ही समुद्राखालची दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ सुरू होते. त्यामुळे लाट आधी न फुटता थेट पायाशी येऊन आदळते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. इथे बरेच जण बुडाले आहेत. स्थानिकांनी या किनाऱ्याला ‘मॉर्च्युअरी बीच’ असं नाव पाडलंय ते उगाच नाही. सरावलेले लोक इथे बाहेर येताना उभं राहतच नाहीत, मास्क आणि तोंडातला रेग्युलेटर तसाच ठेवून हातापायांवर रांगत कोरड्या वाळूपर्यंत येतात. पाहुण्याने हे तंत्र इथे शिकायची गरज नाही.

समुद्र कसा आहे ते आदल्या दिवशी कसं कळणार?

आपल्याकडे कोळी बांधवांना विचारलं की काम होतं. इथे ते काम समुद्रातले बोये, म्हणजे मोजमापं घेणारे तरंगते संच, करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटा बोया केंद्राच्या साइटवर ४६०४२ क्रमांकाचा बोया बघा, तो मॉन्टेरे उपसागराबाहेर खुल्या समुद्रात आहे. त्यावर लाटांची उंची, दोन लाटांमधला काळ आणि दिशा मिळते.

नवखे लोक फक्त उंची बघतात. काळही तितकाच महत्त्वाचा. दीड मीटरच्या लाटा आठ सेकंदांनी येत असतील तर वर खळबळ असते, खाली फारसं काही नाही. त्याच दीड मीटरच्या सोळा सेकंदांनी येत असतील तर त्या दूरच्या वादळातून निघालेल्या, ताकदवान लाटा आहेत. त्या तळापर्यंत पाणी हेलकावतात आणि किनाऱ्यावर मोठ्या होऊन फुटतात. दिशा यासाठी की मॉन्टेरे शहराचा किनारा द्वीपकल्पाच्या आडोशाला, उत्तरेकडे तोंड करून आहे आणि कार्मेलची बाजू पश्चिमेला उघडी. दक्षिणेकडच्या लाटांच्या दिवशी कार्मेल खवळलेलं आणि ब्रेकवॉटर शांत असं सहज होतं. उत्तर-वायव्येच्या मोठ्या लाटा मात्र इकडेही शिरतात.

सकाळी लवकर जा. दुपारी बहुतेक दिवस वारा उठतो. किनाऱ्यावर पोहोचलात की सामान काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत उभं राहा. मोठ्या लाटा टोळीने येतात आणि दोन टोळ्यांमध्ये दहा मिनिटंसुद्धा जाऊ शकतात. तेवढ्या वेळात पाच मिनिटं बघणाऱ्याला समुद्र शांत वाटतो. आत कुठून जाणार याबरोबर बाहेर कुठून येणार आणि ती जागा बिघडली तर दुसरी कुठली, हेही तेव्हाच ठरवा.

केल्पमध्ये अडकायची भीती वाटते.

थोडी वाटलेली बरी. हा राक्षसी केल्प तळाच्या खडकाला धरून पृष्ठभागापर्यंत वाढतो. अनुकूल काळात दिवसाला फूटभर, कधी त्याहून जास्त. खाली खांबांच्या मधून फिरायला भरपूर जागा असते. अडचण असते ती वर, जिथे त्याची पानं पसरून जाड गालिचा झालेला असतो. म्हणून नियम एकच: परतीचा प्रवास केल्पच्या खालून, आणि मोकळं पाणी दिसल्यावरच वर. त्यासाठी हवा उरलेली हवी.

अडकलात तर गरगर फिरू नका, त्याने आणखी गुंडाळाल. थांबा. एखादा देठ फिनच्या पट्ट्याला किंवा टाकीच्या झडपेला लागला असेल, बडी तो दोन सेकंदांत सोडवतो. देठ ओढून तुटत नाही, पण दुमडला की काडकन मोडतो. उतरण्यापूर्वी लोंबणाऱ्या नळ्या, स्नॉर्केल, पट्ट्यांची टोकं नीट खोचून घ्या. छोटा कटर हाताला लागेल असा ठेवा, पोटरीला बांधलेला मोठा सुरा स्वतःच केल्पमध्ये अडकतो.

हवा संपत आली आणि गालिच्याखाली वर यावंच लागलं तर पोटावर झोपून, हात पुढे टाकत, केल्प खाली दाबत रांगायचं. पाय मारायचे नाहीत. दमवणारं काम आहे, पण होतं.

गेल्या दशकात केल्प बराच कमी झाला आहे. २०१३ पासून तारामाशांवर रोग आला, अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणी खाणारा मोठा सूर्यफूल तारामासा जवळपास नाहीसा झाला, पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला आणि जांभळ्या अर्चिननी तळ साफ खाऊन टाकला. एका खडकावर दाट जंगल आणि पन्नास मीटरवर नुसते काटे, असं चित्र दिसेल. म्हणून जुन्या व्हिडिओवरून जागा निवडू नका, दुकानात विचारा.

एका टाकीत किती वेळ मिळेल?

गोव्यापेक्षा कमी. थंडी, जाड सूट, जास्त वजन आणि अनोळखी जागेची धाकधूक, चारही गोष्टी श्वास वाढवतात. हिशोब करून बघा.

शांतपणे मिनिटाला १४ लिटर हवा घेणारा माणूस इथे पहिल्या दिवशी २० लिटर सहज घेतो. १२ मीटरवर दाब २.२ बार, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचं आतलं आकारमान ११ लिटर. २०० बारला सुरुवात करून १३० ला वळायचं ठरवलं तर ७० बार, म्हणजे ७७० लिटर जाण्यासाठी. ते साडेसतरा मिनिटांत संपतात. परतीला तेवढेच धरले तर ६० बार हाताशी राहतात. म्हणजे एकूण पस्तीस मिनिटं. त्याच हिशोबात गोव्यातला जाण्याचा वेळ पंचवीस मिनिटं येतो.

वळायचा आकडा १९०० पीएसआय, दोघांपैकी ज्याचा आधी येईल त्याचा. केल्प दाट असेल तर २०००.

खाली थंडी वाजायला लागली तर किती वेळ सहन करू?

सहन करू नका. बोटं ऐकेनाशी झाली, गेज वाचायला दोनदा बघावं लागलं किंवा कुडकुडायला सुरुवात झाली की डायव्ह संपली. अंगठा वर, म्हणजे ‘वर चला’ ही खूण. कारण फक्त आरामाचं नाही: वर येताना शरीर गार पडलेलं असेल तर विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडणं मंदावतं आणि डीकम्प्रेशनच्या आजाराचा, म्हणजे अंगात त्याचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो. त्यामुळे कॉम्प्युटरने दिलेल्या वेळेच्या टोकापर्यंत इथे जाऊच नये.

दोन डायव्हच्या मध्ये ओला सूट अंगावर ठेवून वाऱ्यात गप्पा मारत उभे राहू नका. निदान वरचा भाग काढा, टोपी घाला, जॅकेट चढवा. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या आणि उतरण्याच्या आधी हातमोज्यांत, हुडात ओता, पहिली दहा मिनिटं सुखाची जातात. दुसऱ्या थर्मासात चहा. बाहेर आल्याबरोबर कढत शॉवर मात्र नको, थोडा वेळ जाऊ द्या.

दुसरी डायव्ह करायची की नाही हे पहिलीच्या आधी ठरवून टाकू नका. तासाभरानेही हात गारच असतील तर त्या दिवसापुरतं पुरे.

उतरताना अचानक गरगरलं. काय झालं असेल?

बहुतेक हूड. तो एका कानावर घट्ट बसला आणि दुसऱ्यावर सैल, तर गार पाणी एकाच कानात शिरतं आणि तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. खडक किंवा बडीचा खांदा धरून थांबा, मिनिटभरात जातं. पुढच्या वेळी पृष्ठभागावरच हुडाची कड बोटाने ओढून दोन्ही कानांत पाणी जाऊ द्या. मिनिटभरात थांबलं नाही तर डायव्ह सोडून वर या आणि डॉक्टरांना दाखवा.

वय पन्नास, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जमेल का?

हे मी ठरवू शकत नाही, दुकानही नाही. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म घेऊन भारतातच डॉक्टरांकडे जा, इथे पाहुण्याला डॉक्टरची वेळ मिळवणं महाग आणि कटकटीचं. त्यांना ‘स्कूबा’ एवढंच सांगू नका. १० अंशांचं पाणी, पाठीवर-कमरेवर तीस किलोच्या आसपास ओझं आणि लाटांतून चालणं, असं सांगा.

एक गोष्ट चाळिशीपुढच्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. पाण्यात शिरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे येतं आणि गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून हे आणखी वाढतं. काही जणांच्या, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी भरू शकतं. फारसा श्रम केलेला नसताना धाप लागणं, खोकला, गुलाबी फेस ही लक्षणं. ‘रेग्युलेटर नीट हवा देत नाहीये’ असं अशा माणसाला वाटतं. तसं वाटलं की ताबडतोब वर, पाण्याबाहेर, आणि ऑक्सिजन.

शार्क?

आहेत. मोठे पांढरे शार्क या किनाऱ्यावर राहतात, जून २०२२ मध्ये लव्हर्स पॉइंटजवळ एका पोहणाऱ्याला गंभीर जखमा झाल्या होत्या. तळाशी असलेल्या डायव्हरांशी गाठ पडणं विरळा. लाटा आणि थंडी यांच्याकडे लक्ष देण्यात तुमची काळजी जास्त सार्थकी लागेल.

पाणमांजरांच्या जवळ जाऊन फोटो काढता येतो का?

जवळ तुम्ही जायचं नाही. समुद्री पाणमांजर, सील, समुद्रसिंह या सगळ्यांना १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांना हुसकावणं, पाठलाग करणं, खायला घालणं हा गुन्हा आहे. सील कुतूहलाने मागून येऊन फिन चावून बघतात, तेव्हा हात आवरून शांत राहा. समुद्रसिंहाचा मोठा नर अंगावर बुडबुडे सोडत आला तर ती त्याची हद्द समजा आणि सरका.

शिंपले, शंख घरी नेता येतात का?

पॉइंट लोबोसमधून रिकामा शंखसुद्धा नाही. इतरत्रही परवाने, जागा आणि मापं यांचे नियम आहेत. अबलोनी या मोठ्या समुद्री गोगलगायीची हौशी शिकार तर पूर्ण बंद आहे. साधा मार्ग: काहीच उचलू नका.

माझ्यासोबत बडी नाही.

मग पहिल्या दिवशी पैसे देऊन गाइड घ्या. अनोळखी किनाऱ्यावर गाइडवर केलेला खर्च कुठल्याही भारी सामानापेक्षा उपयोगी पडतो. तो जागा निवडतो, वजन बसवून देतो आणि मुख्य म्हणजे ‘आज नको’ हे तुमच्याआधी सांगतो.

ऐनवेळी जुळलेल्या बडीबरोबर जाणार असाल तर किनाऱ्यावरच विचारा: शेवटची डायव्ह कधी, थंड पाण्यातली कधी, हवा किती लागते, हरवलो तर किती वेळ शोधायचं. उत्तर ‘मिनिटभर, मग वर’ हे असायला हवं. आणि त्याला माहीत असलेली पण तुम्हाला न झेपणारी जागा ठरत असेल तर सरळ नाही म्हणा. भिडेखातर पाण्यात उतरण्याची आपल्याला फार सवय आहे.

भाड्याच्या गाडीची किल्ली कुठे ठेवू?

फारच कमी लोक हा प्रश्न आधी विचारतात. रिमोटवाली किल्ली पाण्यात गेली की मेली. किती मीटर खोलवर चालते तो आकडा लिहिलेली जलरोधक डबी मिळते, ती बीसीडीच्या खिशात ठेवा. गाडीला लटकवायचं कुलूपपेटीचं साधन वापरलंत तर किल्ली जवळ असल्यामुळे गाडी आपोआप उघडत नाही ना, ते आधी तपासा. सगळ्यात सोपं म्हणजे किनाऱ्यावरच्या नातेवाइकाच्या हाती देणं. पासपोर्ट आणि लॅपटॉप गाडीत ठेवूच नका. बे एरियात गाड्यांच्या काचा फुटतात.

घरचे किनाऱ्यावर बसणार आहेत. त्यांना काय सांगू?

‘येतो जरा बुडून’ एवढं पुरत नाही. कागदावर लिहून द्या: कुठून आत, कुठून बाहेर, किती वाजता उतरलो, जास्तीत जास्त किती वाजता येणार, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांत दिसलो नाही तर ९११. ही वेळ तुम्ही पाळायची, नाहीतर आई तासभर आधीच फोन लावेल. त्यांना गरम कपडे आणि खायला काहीतरी द्या, जुलैमध्येसुद्धा.

परवा भारताचं विमान आहे. आणि मध्ये योसेमिटीही करायचंय.

विमानाचं सगळ्यांच्या लक्षात असतं. डायव्ह आणि विमान यांच्यात किती वेळ जाऊ द्यायचा, याची डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची मार्गदर्शक मर्यादा: एकच साधी डायव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डायव्ह किंवा सलग दिवस असतील तर किमान १८. परतीचं लांबचं विमान असताना २४ धरलेले बरे.

घाट विसरले जातात. ही मर्यादा ६०० मीटरहून अधिक उंचीला लागू होते, मग ती विमानाने गाठा नाहीतर गाडीने. मॉन्टेरेहून सॅन होजेला येताना अडचण नाही. सांताक्रूझकडून येणारा सतरा नंबरचा घाटसुद्धा ५५० मीटरच्या आसपास आहे. पण योसेमिटीची दरी १२०० मीटरवर आहे, टायोगा पास ३०३१ वर, आणि टाहोला जाताना आय-८० रस्ता २२०० मीटर ओलांडतो. सकाळी दोन डायव्ह आणि रात्री योसेमिटीत मुक्काम, हा बेत घरच्यांनी कितीही प्रेमाने आखला असला तरी बदलायला लावा. आधी डोंगर, मग समुद्र, मग एक दिवस खरेदी, मग विमान.

काही झालं तर कोणाला फोन करायचा?

आधी ९११, ‘स्कूबा डायव्हिंग अपघात’ हे शब्द वापरून. बोटीवर असाल तर कोस्ट गार्डसाठी व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, ते काम कप्तान करतो. त्यानंतर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची चोवीस तासांची मदतवाहिनी, +१-९१९-६८४-९१११. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा, अंगावर चट्टे, यातलं काही संध्याकाळी जाणवलं तरी फोन करा. क्रोसिन घेऊन झोपणं हा उपाय नाही.

प्रवासी विमा काढलाय, तो पुरेल ना?

पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. स्कूबा तिथे अनेकदा असतो, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच चालतो. डीकम्प्रेशनच्या आजारावरचे दाबकक्षातले उपचार अमेरिकेत स्वतःच्या खिशातून करायचे म्हणजे मोठा फटका. डायव्हरांसाठीचा वेगळा विमा त्यामानाने स्वस्त आहे, तो निघण्यापूर्वी घ्या.

गेलो आणि समुद्र खराब निघाला तर दिवस फुकट?

मुळीच नाही. मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममध्ये १९८४ पासून जिवंत केल्पचं जंगल असलेली २८ फूट उंच टाकी आहे. आत उतरलेला डायव्हर माशांना खायला घालतो तेव्हा बाहेर निवेदन चालू असतं. उद्या पाण्यात दिसणारे मासे ओळखायला यापेक्षा चांगला वर्ग नाही, आणि घरच्यांनाही तुम्ही नक्की कशासाठी इतकं सामान उचलता ते कळतं. तिकीट महाग आहे, सुट्टीच्या दिवशी गर्दी प्रचंड, म्हणून ऑनलाइन काढून उघडल्या उघडल्या आत शिरा. पाणमांजरं बघायची असतील तर उत्तरेला अर्ध्या तासावर मॉस लँडिंगच्या धक्क्यावर जा, तिथे ती किनाऱ्यावरूनच दिसतात. भाड्याचं सामान न वापरता परत करायचं असेल तर दुकानाला सकाळीच फोन करा, काही दुकानं दिवस पुढे ढकलून देतात.